अठ्ठावीस दिवसांची मुदत

मँचेस्टरचे कापड आपण जाळले, हे मराठी वाचकाला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असते. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, १९३० च्या डिसेंबरात मुंबईच्या काळबादेवी रस्त्यावर विलायती कापडाने भरलेल्या मालमोटारीपुढे आडवा होऊन बाबू गेनूने प्राण दिले, आणि या दोन घटनांच्या दरम्यान ‘मँचेस्टर’ हे आपल्या लेखी शहराचे नाव न राहता एका अन्यायाचे नाव होऊन बसले. परंतु त्याच मँचेस्टरात सुती कापडाची आणखी एक विल्हेवाट लावली जात असे, जिची वार्ता आपल्याकडे सहसा पोचली नाही. तेथील शास्त्रज्ञ ते मोजूनमापून कापीत, ओल्या मातीत पुरून ठेवीत, आणि काही आठवड्यांनी उकरून काढून ते किती कुजले याची टिपणवहीत नोंद करीत. आपण शेतात जी औषधे फवारतो त्यांचा मातीतल्या अदृश्य रहिवाशांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी या पुरलेल्या कापडापासून आरंभ करावा, असे मला वाटते. कारण या प्रश्नाच्या इतिहासातले निदान तीन धागे याच शहरातून निघालेले आहेत.

शहराच्या दक्षिणेस डिड्सबरी नावाचे सुखवस्तू उपनगर आहे. तेथे विल्म्स्लो रोडवर ‘द टॉवर्स’ ही तांबड्या विटांची, मनोरे आणि उतरत्या छपरांची भव्य वास्तू उभी असून तिच्या आवारात आज निरनिराळ्या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राचे मालक जॉन एडवर्ड टेलर यांच्यासाठी टॉमस वर्दिंग्टन या स्थापत्यविशारदाने १८७० च्या सुमारास ती बांधली. पुढे ती डॅनियल अ‍ॅडमसन या कारखानदाराकडे आली, आणि १८८२ च्या जूनमध्ये त्याच्या दिवाणखान्यात जमलेल्या मंडळींनी समुद्राची जहाजे थेट मँचेस्टरात आणणारा कालवा खोदण्याचा निश्चय केला. पहिल्या महायुद्धानंतर कापूस-उद्योगाच्या संशोधनासाठी गिरणीमालकांनी एक संस्था काढली, तिला जागा हवी होती, आणि विल्यम ग्रीनवुड या पार्लमेंटच्या सभासदाने तिच्या खरेदीसाठी मोठी देणगी देताना एकच अट घातली की संस्थेला आपल्या मुलीचे नाव द्यावे. ती शर्ली इन्स्टिट्यूट. आपल्याकडे देणगीदार बहुधा वडिलांचे नाव लावतात, फार तर मातोश्रींचे. मुलीच्या नावाने सुताचा पीळ आणि तंतूची लांबी मोजणारी प्रयोगशाळा निघावी, ही गोष्ट मला मोठी लोभस वाटते.

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोज हे मातीतील बुरशी व जिवाणू यांचे नित्याचे अन्न. तंबू, ताडपत्र्या, वाळूची पोती आणि शिपायांचे गणवेश दमट मुलखात का कुजतात, त्यांवर कोणता लेप दिला असता ते टिकतात, हा कापड-उद्योगापुढचा रोकडा प्रश्न होता. लेप दिलेले कापड मातीत पुरायचे तर शेजारी बिनलेपाचे, सदैव एकाच वाणाचे, एकाच विणीचे कापड तुलनेसाठी हवे, म्हणून असे प्रमाणित कापड शर्लीच्या नावाने तयार होऊ लागले. मग १९७० नंतरच्या दशकात उत्तरेकडे ग्रेंज-ओव्हर-सँड्स येथील मर्लवुड संशोधन केंद्रातल्या पी. एम. लॅटर आणि जी. हाउसन यांनी या व्यवहाराची दिशाच उलटी केली. कापड टिकते की नाही हे पाहण्यासाठी जी माती वापरली जात होती, तीच माती जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी कापड वापरले. १९७७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि सुती पट्टीची ही कसोटी परिस्थितिकीच्या अभ्यासकांत रूढ झाली.

कसोटी दिसायला अगदी साधी आहे. कुदळीने जमिनीला उभी चीर पाडायची, तीत कापडाची पट्टी खाली सरळ उतरवायची, दोन्ही बाजूंनी माती दाबून बसवायची, आणि हंगामाप्रमाणे काही आठवडे तिच्याकडे पाहायचे नाही. पट्टी बाहेर निघते तेव्हा तिच्यावर पिवळे, तांबूस, काळपट डाग उमटलेले असतात. प्रत्येक डाग म्हणजे कोण्या ना कोण्या सूक्ष्मजीवाची वसाहत. ती हलक्या हाताने धुऊन वाळवतात, खोलीप्रमाणे तिचे आडवे तुकडे कापतात, कडेचे धागे काढून प्रत्येक तुकडा बरोबर सारख्या रुंदीचा करतात, आणि यंत्राच्या दोन जबड्यांत धरून तो फाटेपर्यंत ताणतात. ताज्या कापडाला फाडण्यास जेवढे बळ लागते त्याहून किती कमी बळाने हा तुकडा फाटला, तेवढे मातीचे काम झाले. वरच्या बोटभर थरात कापडाच्या चिंध्या झालेल्या असाव्यात आणि वीतभर खाली तेच कापड जवळपास कोरे असावे, असेही घडते. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली सुमारे हजार नागरिकांना पांढऱ्या सुती चड्ड्या बागेत पुरायला देऊन हाच प्रयोग जाहीर रीतीने करण्यात आला. त्यात शास्त्र किती आणि करमणूक किती हा वाद बाजूला ठेवला, तरी नुसता कंबरेचा रबरी पट्टा शिल्लक राहिलेली चड्डी पाहून शेतकऱ्याला जे समजते ते आकड्यांच्या तक्त्याने समजत नाही, हे कबूल केले पाहिजे.

दुसरा धागा विषाचा आहे, आणि तो याहून शंभर वर्षे जुना. मँचेस्टरच्या कारखान्यांच्या धुरातून आम्लयुक्त पाऊस पडतो हे ज्याने प्रथम दाखवले तो रसायनज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ हा दुर्गंधीचाही अभ्यासक होता. अलेक्झांडर मॅक्डूगल या सहकाऱ्याबरोबर त्याने १८५४ साली एका जंतुनाशक भुकटीचे एकाधिकारपत्र घेतले. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारे कार्बोलिक आम्ल आणि सल्फाइट क्षार यांचे ते मिश्रण होते. ही भुकटी कार्लाइल गावच्या मैल्यात घालण्यात आली, तो मैला कुरणांवर सोडण्यात आला, आणि दुर्गंधी तर गेलीच, पण त्या कुरणांवर चरणाऱ्या गुरांच्या पोटातले कृमीही नाहीसे झाले. ही हकीकत ग्लासगोच्या जोसेफ लिस्टरच्या वाचनात आली; जे गटारात चालते ते जखमेत का चालू नये, या विचाराने त्याने ऑगस्ट १८६५ मध्ये गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिकची पट्टी बांधली, आणि शस्त्रक्रियेचे नवे युग सुरू झाले. लिस्टरला शुद्ध कार्बोलिक पुरवणारा फ्रेडरिक क्रेस कॅल्व्हर्ट हाही मँचेस्टरचाच. या कथेचा शेवट वैद्यकाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जातो. तिचा आरंभ मात्र एका कुरणावर झाला होता, आणि त्या कुरणाच्या मातीत कृमींखेरीज आणखी काय मेले, हे विचारण्याचे तेव्हा कोणाला सुचले नाही.

सुचले नाही याचे कारण उघड आहे: मातीत उपयोगाचे काही जिवंत आहे हेच तोवर सिद्ध झालेले नव्हते. जनावरांच्या मूत्रातला अमोनिया मातीत पडून त्याचे नायट्रेट, म्हणजे सोरा बनतो, हे दारूगोळा करणाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होते, पण ते निव्वळ रासायनिक कार्य आहे अशी समजूत होती. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंचांनी वाळू आणि चुनखडीची पूड भरलेल्या काचेच्या नळीतून गटाराचे पाणी थेंबथेंब सोडले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच झाले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद पडले, आणि क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही सुरू होईना. बागेतल्या मातीचे थोडे धुवण वरून ओतले, तेव्हा कुठे काही दिवसांनी ते पुन्हा येऊ लागले. काम करणारे जिवंत आहेत, त्यांना भूल देता येते, मारता येते, आणि बाहेरून आणून पुन्हा वसवताही येते. मातीतील सूक्ष्मजीवांवर विषाची परीक्षा करण्याचा हा माझ्या मते पहिला नमुनेदार प्रयोग. परीक्षा विषाची नव्हती, विष हा फक्त साक्षीदार होता. पण आज जगभरच्या प्रयोगशाळांत जी परीक्षा चालते तिची रचना तत्त्वतः हीच आहे.

मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात शिकलेला आणि १९०१ पर्यंत तेथेच रसायनशास्त्र शिकवणारा एडवर्ड जॉन रसेल हा तरुण पुढे रॉथमस्टेडच्या प्रख्यात कृषिसंशोधन केंद्रात गेला, आणि त्याच्यापुढे एक चमत्कारिक कोडे होते. मातीला टोल्युइनसारख्या विषारी द्रव्याची धुरी दिली किंवा ती तापवली, तर ती नापीक व्हावी अशी अपेक्षा. प्रत्यक्षात काही दिवसांनी तीत अमोनिया वाढतो आणि पीक अधिक जोमदार येते. १९०९ साली हचिन्सन या सहकाऱ्यासह त्याने उत्तर सुचवले की विषाने जिवाणूंना खाणारे आदिजीव मरत असावेत आणि मोकळे रान मिळालेले जिवाणू भरभराटत असावेत. उत्तर चतुर होते, पण पुरेसे नव्हते. त्याच रॉथमस्टेडमध्ये १९७६ साली जेन्किन्सन आणि पॉवलसन यांनी दाखवले की धुरीनंतर दिसणारा जोम हा मुख्यतः मेलेल्यांच्या देहांचा असतो. जे वाचतात ते मृतांना खातात, आणि त्यांतून कर्ब व नत्र बाहेर पडतो. त्यांनी यातूनच मातीतील जिवंत द्रव्याचे माप काढण्याची रीत बसवली: क्लोरोफॉर्मची धुरी द्यायची, वाफ काढून टाकायची, चिमूटभर ताजी माती मिसळायची आणि दहा दिवसांत किती कर्बवायू निघतो तो मोजायचा. मारल्याशिवाय मोजता येत नाही, अशी ती मोजणी. विष घातल्यावर मातीतले नायट्रेट वाढले म्हणजे मातीचे भले झाले असे नव्हे, ही रसेलच्या कोड्यातून निघालेली शिकवण आजच्या परीक्षकांनाही लक्षात ठेवावी लागते.

तिसरा धागा डेव्हीहुल्म येथला. मँचेस्टरच्या वाढत्या लोकवस्तीचा मैला प्रथम बाहेरच्या दलदलींवर सोनखत म्हणून नेऊन टाकीत. त्यासाठी नगरपालिकेने १८८६ साली कॅरिंग्टन मॉस आणि १८९५ साली चॅट मॉस या विस्तीर्ण जमिनी विकत घेतल्या आणि त्यांवर छोट्या रुळांच्या गाड्या फिरवल्या. पण संडासांना पाण्याची जोड मिळाल्यावर मैला वाहता झाला, आणि तो शुद्ध करायला डेव्हीहुल्मचे केंद्र उभे राहिले. तेथे गिल्बर्ट फाउलर यांच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी भरून त्यातून हवा सोडण्यास प्रारंभ केला. उजेडाने शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना कागद गुंडाळलेला असे. पहिल्या खेपेस सगळ्या अमोनियाचे नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. वरचे पाणी ओतून, तळाचा गाळ मात्र न फेकता, त्यांनी त्यावर नवे सांडपाणी घातले. पुन्हा ओतले, पुन्हा घातले. आणि गाळ साचत गेला तसा वेळ घटत जाऊन अखेर पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरच्या ग्रँड हॉटेलात त्यांनी आपला निबंध वाचला. आज पृथ्वीवरील बहुतेक मोठ्या शहरांचे सांडपाणी त्याच ‘सक्रिय गाळा’च्या पद्धतीने शुद्ध होते.

फाउलर १९१६ साली बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत प्राध्यापक होऊन आले आणि सक्रिय गाळाचे तत्त्व शहरातला केरकचरा व मैला यांचे खत करण्याकडे वळवू लागले. त्यानंतर काही वर्षांनी इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड हे कापसाच्या पऱ्हाट्या, शेण आणि माती यांचे ढीग रचून कंपोस्टची पद्धत बसवीत होते. १९३१ साली त्यांचे जे पुस्तक निघाले त्यावर दोघांचीही नावे लेखक म्हणून आहेत. पण सेंद्रिय शेतीचे प्रवर्तक म्हणून हॉवर्ड जगन्मान्य झाले आणि वाडांचे नाव महाराष्ट्रातही शेतकी पदवीधरांखेरीज कोणी घेत नाही. याबद्दल आपण इंग्रजांना बोल लावू शकत नाही, त्यांनी तर ते मुखपृष्ठावर छापले होते.

या गाळाचाही पुढे कसोटीसाठी उपयोग झाला. एखादे रसायन गटारात गेले तर शुद्धीकरणाच्या टाकीतले जिवाणू गुदमरतील का, हे पाहण्यासाठी ताज्या गाळात ते रसायन घालून तीन तासांनी गाळाचा श्वासोच्छ्वास, म्हणजे तो किती प्राणवायू ओढतो, हे मोजतात. नव्या कीडनाशकाची दरखास्त सरकारदरबारी दाखल होते तेव्हा तिच्या दफ्तरात या परीक्षेचा दाखला असतो. आणि त्याच दफ्तरात, थोड्या पानांनंतर, मातीच्या परीक्षेचाही.

ती परीक्षा आता जवळून पाहू. पॅरिसच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने तिचा मसुदा २००० साली मार्गदर्शिका क्रमांक २१६ म्हणून कायम केला. माती शेतातून आणायची ती वरच्या वीस सेंटिमीटरांतली; तिच्यावर निदान वर्षभर कोणतेही औषध पडलेले नसावे. वाळूचे प्रमाण पन्नास ते पंचाहत्तर टक्के, सेंद्रिय कर्ब अर्धा ते दीड टक्का, आणि त्या कर्बाचा निदान शंभरावा हिस्सा जिवंत सूक्ष्मजीवांच्या रूपात. ती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात आणि तीत लसूणघासाची वाळलेली पूड, किलोला पाच ग्रॅम, मिसळतात. लसूणघास अशासाठी की त्यात नत्र भरपूर असतो. जिवाणू ती पूड कुजवतात, नत्राचा अमोनिया होतो आणि अमोनियाचे नायट्रेट. मग मातीचे तीन वाटे करतात: एक कोरा, दुसऱ्यात शेतात अपेक्षित असलेली औषधाची जास्तीत जास्त मात्रा, तिसऱ्यात तिच्या पाचपट. तिन्ही वाटे अंधारात, वीस अंश उष्णतेवर, ठरावीक ओलाव्यात ठेवतात. पहिल्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी नमुने काढून पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात हलवून त्यातले नायट्रेट मोजतात. अठ्ठावीस दिवसांनी कोऱ्या आणि औषधी मातीत नायट्रेट बनण्याच्या वेगाचा फरक पंचवीस टक्क्यांच्या आत असेल, तर त्या औषधाचा मातीवर दीर्घकालीन परिणाम नाही असा निकाल लागतो. फरक जास्त असेल तर मुदत शंभर दिवसांपर्यंत वाढवून मिळते, आणि शंभराव्या दिवशीही तो पंचवीस टक्क्यांवर असेल, तर युरोपीय कायद्यान्वये सहसा परवाना मिळत नाही.

या नियमांमागे विचार नाही असे कोणी म्हणू नये. जर्मनीतील ब्राउनश्वाइगचे डोम्श आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली एक समंजस प्रश्न विचारला होता: दुष्काळ, हिमपात, पूर अशा निसर्गाच्या आघातांनी मातीतल्या सूक्ष्मजीवांची कार्ये किती घटतात आणि किती दिवसांत पूर्ववत होतात? त्यांना आढळले की नव्वद टक्क्यांपर्यंतची घट निसर्गात होत असते आणि महिन्याभरात भरून येते. औषधाने झालेली घट तेवढ्याच अवधीत भरून येत असेल तर ती दुर्लक्षणीय, साठ दिवसांत येत असेल तर सह्य, त्याहून लांबली तर चिंतेची, असा त्यांनी दंडक सुचवला. वालुकामय माती निवडण्यातही हिशेब आहे. चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्य औषधाला धरून ठेवतात. वाळू धरत नाही, म्हणून जिवाणूंवर विषाचा मारा पूर्ण पडतो आणि परीक्षा कडक होते.

तरीही या परीक्षेत एक उणीव आहे आणि ती हिशेबाची नसून दृष्टीची आहे, असे माझे मत झाले आहे. मँचेस्टरच्या गिरणीत संध्याकाळी किती वार कापड निघाले एवढेच मुकादमाने मोजावे आणि हजेरीपट कधी उघडूच नये, तशी ही मोजणी आहे. कापड निघाले म्हणजे कामगार आहेत, हे खरे. पण काल होते तेच आहेत का, निम्मे मेले आणि उरलेल्यांनी दुप्पट काम केले का, पुढच्या आठवड्यात त्यांचीही शक्ती संपेल का, हे कापडाच्या लांबीवरून कळत नाही. मातीत एकेका कामाला अनेक हात असतात. सेल्युलोज कुजवणाऱ्या जाती इतक्या आहेत की काही नष्ट झाल्या तरी सुती पट्टी कुजतच राहते. नायट्रेट करणाऱ्यांची संख्या त्या मानाने थोडी, म्हणूनच परीक्षेसाठी त्यांची निवड झाली. पण तेही एकजिनसी नाहीत. व्हिनोग्राडस्कीने १८९० मध्ये जे नायट्रेटकारी जिवाणू वेगळे केले, त्यांनाच शंभरावर वर्षे या कामाचे संपूर्ण श्रेय मिळत होते. २००५ नंतर कळले की आर्किया नावाच्या अगदी निराळ्या कुळातले सूक्ष्मजीव हे काम करतात आणि पुष्कळ मातींत तेच बहुसंख्य असतात; २०१५ मध्ये अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे जिवाणूही सापडले. एखाद्या औषधाने यांतले एक कुळ नामशेष झाले आणि दुसऱ्याने जागा भरली, तर अठ्ठाविसाव्या दिवशीचा आकडा ब्रही काढणार नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा वोबर्नच्या शेतातला आहे. रॉथमस्टेडच्या या शेतात १९४२ पासून १९६१ पर्यंत पश्चिम लंडनचा मैल्याचा गाळ खत म्हणून टाकला गेला. त्यात जस्त, तांबे, कॅडमियम असे जड धातू होते. वीस-पंचवीस वर्षांनी तेथे पांढरा क्लोव्हर पेरला तेव्हा तो खुरटला, पिवळा पडला. गिलर, मॅक्ग्राथ आणि हर्श यांनी १९८९ साली दाखवले की त्याच्या मुळांवर गाठी होत्या, पण सगळ्या गाठींत ऱ्हायझोबियम या जिवाणूचा एकच वाण होता, आणि तो हवेतला नत्र बांधण्यास असमर्थ होता. बाकीचे वाण धातूंनी मारले होते. गाठ आहे, काम नाही. त्या मातीत पाने कुजत होती, इतर पिके येत होती. उणीव दिसण्यासाठी नेमके तेच झाड लावावे लागले. हे विष कीडनाशकाचे नव्हते हे खरे, पण तांबे हे बुरशीनाशकही आहे, आणि १८८५ पासून द्राक्षबागांवर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारले जाते. ते पावसाने धुऊन मातीत उतरते आणि तेथून जात नाही. नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला ही गोष्ट मी सांगावी असे नाही.

या परीक्षेच्या कचेरीत एक गंमतही चालते. जे औषध नायट्रेटकारी जिवाणूंना रोखते ते परीक्षेत नापास होते. तेच काम जाहीरपणे करणारे द्रव्य मात्र खताच्या जोडीने, पिशवीवर गुण छापून विकले जाते. नायट्रापायरीन अमेरिकेत याच कारणासाठी वापरतात, आणि आपल्या सरकारने २०१५ साली देशातल्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचे अस्तर सक्तीचे केले त्यामागेही अमोनियाचे नायट्रेट सावकाश व्हावे हा एक हेतू होता. म्हणजे जिवाणूंचे मंदावणे हे एका दफ्तरात अपाय आणि दुसऱ्यात उपाय. ग्लायफोसेटची कथा तर आणखी गुंतागुंतीची. हे तणनाशक ज्या जैवरासायनिक मार्गावर घाव घालते तो मार्ग वनस्पतींत आहे, माणसांत नाही, असे सांगतात आणि ते खरे आहे. पण बुरशीत आणि जिवाणूंत तो आहे. काही जिवाणू त्याने खंगतात, काही ते खातात, आणि ज्या जिवाणूचे जनुक काढून तणनाशकाला दाद न देणारी सोयाबीन आणि कापूस बनवले, तो ग्लायफोसेट तयार करणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यावर पोसलेल्यांपैकीच होता.

मँचेस्टर विद्यापीठात २०१३ नंतर रिचर्ड बार्डगेट यांच्या नेतृत्वाखाली मातीच्या परिस्थितिकीचे मोठे काम झाले. फ्रान्सिस्का डे व्ह्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुरणाच्या मातीला कृत्रिम अवर्षण घडवून बुरशींचे आणि जिवाणूंचे परस्परसंबंध तपासले, आणि जिवाणूंची जाळी बुरशींच्या मानाने अधिक अस्थिर होते असे दाखवले. विषाचा तो अभ्यास नव्हता. पण मातीवरचा आघात कामाच्या बेरजेत न पाहता नात्यांच्या रचनेत कसा पाहावा, हे त्यातून दिसते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या शास्त्रज्ञांनीही २०१७ च्या अभिप्रायात मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीची परीक्षा दफ्तरात घालावी अशी शिफारस केली. शिफारस आणि सक्ती यांत किती अंतर असते हे सरकारी कामाचा अनुभव असलेल्यास ठाऊक आहेच. उलट २०१३ च्या युरोपीय नियमांत कर्बाच्या परिवर्तनाची जुनी परीक्षा वगळण्यात आली आणि नत्राची तेवढी राहिली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही तेथल्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने हा शिरस्ता पुढे चालू ठेवला आहे.

आता ही परीक्षा वऱ्हाडात आणून पाहा. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी १८५७ साली कापूस पुरवठ्यासाठी मंडळ स्थापले, अमेरिकेतल्या यादवीने त्यांचा कापूस तोडला, आणि १८७० मध्ये खामगावला आगगाडी पोचली ती त्यांच्यासाठीच. ही काळी जमीन त्यांनी मालाच्या भावाने ओळखली होती. तिच्यात चिकणमाती निम्म्याहून अधिक, सामू आठाच्या घरात, उन्हाळ्यात हात घालावा एवढ्या भेगा. वीस अंशांचा अंधार तिला पौषातल्या पहाटेखेरीज भेटत नाही. तिच्यावर पडणारी औषधेही एकेकटी पडत नाहीत. परीक्षेत मात्र पदार्थ एकटा येतो. शेतकरी पंपात कीडनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकत्र ओततो, कारण मजुरी एकाच फवारणीची परवडते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा चौकशी माणसांची झाली आणि तीच प्रथम व्हायला हवी होती; त्या शेतांतल्या मातीचा पंचनामा कोणी केला नाही.

आणि तरी याच शेतकऱ्याच्या हातात, पेरणीच्या दिवशी, विष आणि सूक्ष्मजीव एकाच वेळी असतात. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचा कृषी खात्याने सांगितलेला क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सर्वांत शेवटी ऱ्हायझोबियमचे जिवाणू खत, दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचे एक पाकीट. गुळाचे पाणी थंड करून त्यात ते कालवतात, ताडपत्रीवर पसरलेल्या बियांना हलक्या हाताने चोळतात, साल निघू देत नाहीत, सावलीत सुकवतात आणि त्याच दिवशी पेरतात. उन्हात ठेवले की जिवाणू मरतात, हे पाकिटावर लिहिलेले असते. खालच्या थरातल्या बुरशीनाशकाने त्यांतले किती मरतात, हे लिहिलेले नसते. दोन थर एका बीच्या टरफलावर कसे नांदतात याचा जाब मार्गदर्शिका २१६ विचारत नाही, कारण तिच्या मातीत बी नाही आणि मूळही नाही. त्याचे उत्तर पेरणीनंतर साधारण चाळीस दिवसांनी, झाड फुलावर येताना, ओल्या जमिनीतून ते मुळासकट उपटून मिळते. माती पाण्यात विसळायची, मुख्य मुळाजवळच्या मोठ्या गाठी निवडायच्या आणि नखाने चिरायच्या. आत गुलाबी-तांबूस दिसले तर नत्र बांधला जातो आहे. हिरवट, करडे किंवा कोरे दिसले तर नाही, आणि मग पुढच्या हंगामात पाकीट बदलायचे, बुरशीनाशक बदलायचे की दोहोंमधला वेळ वाढवायचा, हे त्याला शेजारच्या तीन ओळींत तीन निरनिराळ्या रीतींनी बी पेरून पाहावे लागते.